लाकडी ग्लायडर आणि आपली मुले

(तारकर्ली येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. वक्ते माध्यमिक शाळेत सहाय्यक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



पालकांच्या मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो परीक्षा, टक्केवारी आणि मोबाईल या तीन विषयांपैकी एकावर बोलणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. आज मी या तिन्ही विषयांना रजा देणार आहे. माझ्यासमोर टेबलावर हे जे लाकडाचे आणि कागदाचे विमान ठेवले आहे, त्याविषयी मी बोलणार आहे. आपल्यापैकी एकदोघांनी आत येतानाच मला विचारले, "सर, हे खेळणे कुणाला बक्षीस द्यायचे आहे?" प्रश्न रास्त आहे. हे खेळणेच आहे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या आठवी-नववीच्या अकरा मुलामुलींनी हे आणि यासारखी आणखी चार खेळणी स्वतःच्या हातांनी तयार केली. ती तयार होताना मला जे दिसले, ते आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते. शेवटी मी आपल्याकडे एक मागणीही करणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम हे काय आहे ते पाहू. याला ग्लायडर म्हणतात. याला इंजिन नाही, बॅटरी नाही, दूरनियंत्रणाची पेटीही नाही. दोरीने पतंगासारखे वर चढवायचे आणि दोरी सुटली की ते आपले आपण तरंगत खाली येते. म्हणून या प्रकाराला 'फ्री फ्लाइट' म्हणजे मुक्त उड्डाण असे नाव आहे. युरोप-अमेरिकेत या छंदाची मोठी परंपरा आहे. साधारणतः १९५० सालापर्यंतच्या आराखड्यांवरून लाकडात बांधलेल्या अशा मॉडेलांना तिकडे 'व्हिंटेज' म्हणतात आणि पांढऱ्या केसांचे आजोबासुद्धा ती आवडीने बांधतात, उडवतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ग्लायडरचे वजन किमान ४१० ग्रॅम आणि दोरी जास्तीत जास्त ५० मीटर असा नियम आहे. आमचे विमान त्या मानाने लहान भाऊच आहे.

आपण म्हणाल, जुन्या पद्धतीचेच का? बाजारात तयार विमाने मिळतात, बटण दाबले की उडतात. त्याचे कारण असे की, बटणाने उडणारे विमान चुकीचे बांधलेले असले तरी यंत्र ते सावरून घेते. मुक्त उड्डाणाच्या विमानाला सावरणारे कुणी नसते. ते हातात असेपर्यंत जेवढी मेहनत घेतली असेल, तेवढीच हवेत उपयोगी पडते. शिक्षणाला हीच गोष्ट लागू आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच हा विषय मी पालकांपुढे घेऊन आलो आहे.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्यालाही शिकण्यासारखे आहे. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा म्हणजे कॉर्डोबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाचे एक विद्वान होऊन गेले. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे की, अंगाला पिसे आणि पंख लावून त्यांनी उंचावरून उडी घेतली, ते काही अंतर हवेत गेले, पण उतरताना आपटून त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, आणि यांनी शेपूट बनवलेलेच नव्हते. हा वृत्तान्त घटनेनंतर सात शतकांहून अधिक काळाने लिहिला गेला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या समाजात या नावाचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि तो व्हावा. परंतु नुसत्या अभिमानाने शेपूट तयार होत नाही. इब्न फिरनास यांच्या कथेतील खरा धडा त्या शेपटीचा आहे.

ते शेपूट पुढे लागले, आणि लागले ते एका खेळण्याला! १८०४ साली इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी एका काठीवर पतंगासारखा पंख बसवला, मागे वळवता येणारी शेपटी लावली आणि तोल साधण्यासाठी पुढे वजन ठेवले. आमच्या मुलांच्या ग्लायडरची मांडणी जवळजवळ तशीच आहे. पुढे जर्मनीत ओटो लिलिएन्थाल यांनी स्वतः ग्लायडरला लटकून शेकडो उड्डाणे केली आणि १८९६ साली त्यातच प्राण गमावला.

अमेरिकेतील राइट बंधूंची गोष्ट तर प्रत्येक बापाने ऐकावी अशी आहे. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी प्रवासाहून परतताना बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे एक उडणारे खेळणे मुलांसाठी आणले. मुलांनी ते मोडेपर्यंत उडवले आणि मग त्यावरून दुसरी बनवली. तीच मुले मोठेपणी सायकलचे दुकान चालवू लागली, आणि १९०० पासून तीन वर्षे ग्लायडर घेऊन किटी हॉक या समुद्रकाठच्या वाळूवर जाऊ लागली. ती जागा त्यांनी निवडली ती तेथील वाऱ्यासाठी आणि मऊ वाळूसाठी. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनाचे विमान पहिल्यांदा १२ सेकंद उडाले, १२० फूट गेले. वारा आणि मऊ वाळू या दोन्ही गोष्टी तारकर्लीला अल्लाने भरपूर दिल्या आहेत.

आता बांधणीकडे वळतो. विद्यार्थ्यांनी हा भाग नीट ऐकावा.

मॉडेल विमानासाठी जगभर बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते, अतिशय हलके असते आणि साध्या पात्याने कापता येते. आपल्याकडे ते शहरातून मागवावे लागते. परंतु बाल्सा सर्वत्र मिळू लागण्याच्या आधी विलायतेतील मुले स्प्रूस, बर्च आणि बांबू यांचीच विमाने बांधत असत. मग आपण आपल्या लाकडांकडे का पाहू नये? आपल्या होडीला बाजूला जी उलांडी असते, ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची का करतात, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही दालदी किंवा गाबीत म्हाताऱ्याला विचारा. आम्ही पंखाच्या फासळ्यांना पांगारा घेतला आणि लांब पट्ट्यांना चिव्याचा बांबू. पांगारा बाल्सापेक्षा जड आहे, म्हणून फासळ्यांना मध्ये भोके पाडून वजन कमी केले.

मापे सांगतो. पंखाचा विस्तार ९० सें.मी., रुंदी १२ सें.मी. फासळ्या एकवीस, एकमेकींपासून साडेचार सें.मी. अंतरावर. शेपटीचा आडवा पंख ३५ सें.मी. लांब, ८ सें.मी. रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने मोठ्या पंखाच्या पावपटीहून थोडा अधिक. अंगाची काठी ७५ सें.मी. पंखाची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा ७ सें.मी. उंच ठेवायची. त्यामुळे विमान एका अंगाला कलले तर ते आपोआप सरळ होते. सर्व सांगाडा सपाट फळीवर आराखड्यावर ठेवून टाचण्यांनी पक्का करायचा आणि मगच फेव्हिकॉल लावायचे. वर पतंगाचा कागद चिकटवायचा. तो वाळला की पाण्याचा बारीक फवारा मारायचा. ओला कागद सुकताना आकसतो आणि डफाच्या चामड्यासारखा ताणला जातो. मात्र त्या वेळी पंख फळीला बांधून ठेवावा लागतो, नाहीतर कागद सांगाड्यालाच पीळ देतो. शेवटी कागदाला पातळ लॅकरचा हात द्यायचा, म्हणजे आपली दमट हवा त्यात शिरत नाही. नाकात वजन म्हणून आम्ही जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घातल्या. पूर्ण विमानाचे वजन १६० ग्रॅमच्या आसपास भरले आणि एका विमानाचा खर्च तीनशे रुपयांच्या आत बसला.

बांधून झाले म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम इथून पुढे सुरू होते. पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना बोट धरून विमान उचलायचे. ते आडवे राहिले पाहिजे. मग वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून ते हलकेच पुढे सोडायचे. विमानाने आधी नाक वर केले, क्षणभर थबकून मग खाली मुसंडी मारली, तर नाकात थोडे शिसे वाढवायचे. ते सरळ खाली घुसले, तर शिसे कमी करायचे किंवा शेपटीच्या मागच्या कडेखाली कागदाइतकी पातळ चीप सारायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. हा नियम मी मुलांवर घातला होता. दोन बदल एकदम केले तर कशामुळे काय झाले ते कधीच कळत नाही. एका विमानाची अशी तेवीस उड्डाणे वहीत नोंदलेली आहेत. चोविसाव्याला ते वाळूवर असे टेकले की मुले काही क्षण ओरडायचीही विसरली.

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असा धडा असतो. मुले तो पाठ करून दोन गुण मिळवतात. या मुलांना तो धडा किनाऱ्यावर कळला. सकाळी लवकर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळी उंच सोडलेले विमान दर्याला अर्पण होणार हे नक्की. दुपारी समुद्राकडून जोराचा वारा येतो आणि विमान सुरूच्या शेंड्यात नेऊन अडकवतो. मधल्या काळात, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, एक वारा संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी हवा काही वेळ शांत असते. हा वेळ आमचा. तो कधी येतो हे मुलांनी महिनाभर वाळूची चिमूट उडवून टिपून ठेवले. पुस्तकात नसलेला एक तक्ता त्यांनी स्वतः तयार केला.

येथे एक सूचना. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला आणि तो येथून फार दूर नाही. म्हणून आमचा दंडक असा की, दोरी १५ मीटरच्या वर न्यायची नाही आणि विमानतळाच्या बाजूला मॉडेल घेऊन जायचे नाही. तेवढ्या दोरीवरून आमचे सर्वांत चांगले उड्डाण २२ सेकंदांचे झाले. मोठ्या मैदानावर उंच दोरीने सोडलेली विमाने उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत सापडतात आणि दिसेनाशी होतात. आपल्या सड्यावर दुपारी घारी पंख न हलवता घिरट्या घालतात, तीच ही हवा. विमान हरवू नये म्हणून जुने लोक शेपटीला एक जळती वात लावत. ठराविक वेळाने ती रबर तोडते, शेपटी वर उचलली जाते आणि विमान अलगद खाली बसते. इतका साधा आणि इतका चतुर उपाय!

आता मला जे दिसले ते सांगतो. नववीतल्या एका मुलीच्या पंखाला पीळ पडला. विमान प्रत्येक वेळी डावीकडे गिरकी घेई. तिने पंख फेकून दिला नाही. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून तो उलट बाजूला पिळला, रात्रभर फळीला बांधला आणि सकाळी पुन्हा तपासला. असे तिला तीन वेळा करावे लागले. तिचे वडील कुवेतला असतात. त्यांनी फोनवर मला विचारले, "सर, याचे मार्क किती मिळतात?" मी म्हणालो, "एकही नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तरी ती रोज त्याचेच सांगते." मला त्यांचा मुळीच राग आला नाही. जो माणूस घरदार सोडून वाळवंटात राबतो, त्याने हिशोब विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

दुसरा अनुभव. आठवीतल्या एका मुलाची काठी वारंवार एकाच जागी मोडे. एके दिवशी तो आपल्या नानांना घेऊन आला. नाना पूर्वी होड्या दुरुस्त करीत. त्यांनी काठी हातात घेतली, अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "बाळा, रेषा तिरपी आहे. अशी मोडणारच." मग लाकडाची रेषा कशी ओळखायची, कुठल्या अंगाने तासायची, हे त्यांनी दीड तास सर्व मुलांना दाखवले. जाताना मी त्यांना विचारले, हे आपण नातवाला कधी शिकवले नाही? ते म्हणाले, "घरात सगळे सांगतात, त्याला शिकू द्या, हत्याराला हात लावू देऊ नका."

मित्रहो, या वाक्याने मी अस्वस्थ झालो. मुलांना शिकवायचे म्हणून आपण हत्यार त्यांच्या हातातून काढून घेतले. हाताचे काम हलके, खुर्चीचे काम भारी, अशी आपली समजूत झाली. परिणाम काय? मुलगा दहावी होतो, आखातात जातो, आणि तेथे त्याला जे काम मिळते ते बहुधा हातांचेच असते. फरक एवढाच की ते त्याला येत नसते. दुसरीकडे जो हुशार मुलगा अभियांत्रिकीला जातो, त्याने पदवीपर्यंत एकही खिळा सरळ ठोकलेला नसतो.

हातकाम आणि बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने मॉस्किटो नावाचे विमान बांधले. १९४० साली त्याचे पहिले उड्डाण झाले. ते लाकडाचे होते, बर्चच्या पातळ थरांमध्ये बाल्सा घातलेले, आणि त्याचे भाग टेबल-खुर्च्या करणाऱ्या सुतारांच्या कारखान्यांतून तयार होत. तरी ते त्या काळातील अत्यंत वेगवान विमानांपैकी एक ठरले. आजही पवनचक्क्यांच्या मोठमोठ्या पात्यांच्या आत बाल्सा भरलेला असतो. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकात मुलांसाठी काम करताना टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवून विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्यातील सावंतवाडीची लाकडी खेळणी कुणाला ठाऊक नाहीत? एनसीसीच्या हवाई शाखेच्या शिक्षणात मॉडेल विमाने बांधणे हा विषयच आहे. २०२३ साली नौदल दिनाला याच तारकर्लीच्या किनाऱ्यावरून आपल्या मुलांनी नौदलाची विमाने आणि हेलिकॉप्टरे पाहिली. पाहून झाले. आता त्यांतले दोघेचौघे तरी बांधण्याकडे वळावेत, अशी इच्छा करणे काही मोठा गुन्हा नाही.

काही पालकांची शंका मला ठाऊक आहे. यात वेळ जातो. होय, जातो. आठवड्यातून दोन तास, असे चौदा आठवडे गेले. यामुळे गुण वाढतात का? असे वचन मी देणार नाही. पण जो मुलगा गुणोत्तर म्हटले की वही बंद करीत असे, तो पंख आणि शेपटीचे क्षेत्रफळ स्वतःहून काढू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले. आणखी एक गोष्ट पाहिली. परीक्षेत एक गुण कमी पडला तर मूल आणि पालक माझ्याकडे येऊन तो मागतात. वाऱ्याकडे कुणी गुण मागायला गेले नाही. विमान पडले की मुले ते उचलत आणि चूक शोधत. कुणावर ठपका नाही, कुणाची शिफारस नाही. ही सवय ज्याला लागली, त्याची काळजी मला कमी वाटते.

पालकांना एवढेच सांगेन की, मूल एक दिवस आपल्या हातून सुटणारच आहे. मुंबईला जाईल, दुबईला जाईल, मुलगी सासरी किंवा नोकरीला जाईल. त्यानंतर आपण फोनवरून कितीही दोरी ओढली तरी ती तेथवर पोचत नाही. तोल साधायचा तो आता, घरात आणि शाळेत असताना. आणि तो साधायचा तर मुलाला चुकू द्यावे लागेल, मोडू द्यावे लागेल, पुन्हा जोडू द्यावे लागेल.

आता माझी मागणी. यंदा आम्ही हे काम व्हरांड्यात केले. पावसाची झड आली की सांगाडे उचलून वर्गात पळावे लागे. शाळेच्या मागे जुन्या बाकांची एक खोली आहे. ती संस्थेने हातकामासाठी मोकळी करून द्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे. सामान थोडेच हवे: दोन लांब टेबले, सहा सपाट फळ्या, चार बारीक करवती, दोन रंधे, एक शेगडा, कानशी, पात्यांच्या सुऱ्या आणि एक चांगला वजनकाटा. बाकांची दुरुस्ती मुलेच करतील, त्याची जबाबदारी मी घेतो. पैशांपेक्षा मोठी मागणी माणसांची आहे. या सभेत सुतार आहेत, होडी बांधणारे आहेत, जाळे विणणारे, शिवणकाम करणाऱ्या माताभगिनी आहेत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत महिन्यातून एक तास शाळेत येऊन बसा. बोलता आले नाही तरी चालेल, हातांनी दाखवा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी सूचना: पुढची तुकडी जूनच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होईल. नाव नोंदवताना गुणपत्रिका आणू नका. एक वही आणि पेन्सिल आणा. मुलींसाठी जागा वेगळ्या ठेवलेल्या नाहीत, कारण त्याची गरज पडली नाही. पाचपैकी दोन विमाने त्यांचीच होती, आणि २२ सेकंदांचे उड्डाण त्या पीळ पडलेल्या पंखाचेच होते.

सभा संपल्यावर ज्यांना हे विमान हातात घेऊन पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे. फक्त पंखाला धरू नका, खालच्या काठीला धरा.